त्या डावखुऱ्याचा शर्ट

तो डावखुरा पाकिस्तानी बोलर माझ्या मनातून कधी उतरला ते मला स्वच्छ आठवतं. बॅटरनं सरळ मारलेला बॉल त्याच्या बाजूनं गेला. वाकला असता तर अडवता आला असता. पण त्यानं नुसता बूट पुढे केला, तोही उशिरा, आणि बॉल बाउंड्रीपार गेल्यावर कमरेवर हात ठेवून दुसऱ्याच फील्डरकडे रागानं बघत राहिला. मी जव्हारच्या बाजारातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात काजं करत बसलो होतो. तेव्हाच म्हटलं, हा माणूस फुकट गेला.

मी शिंपी आहे. माणूस मला आधी त्याच्या कपड्यांतून दिसतो. हा पहिल्यांदा टीव्हीवर आला तेव्हा काटकुळा होता. शर्ट कुणाचा तरी मागून आणल्यासारखा खांद्यावरून ओघळायचा, बाही कोपराच्या खाली लोंबायची. कुठल्याशा खेड्यातला, टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलवर शिकलेला, असं कॉमेंट्रीवाले सांगायचे. त्या पहिल्या वर्षी त्यानं एक यॉर्कर टाकला होता. हवेत असताना बॉल बाहेर चालला होता, मग काय मनात आलं कोण जाणे, आत वळला आणि बॅटरच्या बुटाला घासून मधली दांडी घेऊन गेला. बॅटर आपल्या पायाकडे बघत उभा राहिला. मी मशीन थांबवलं होतं. घरात किंवा बाजारात मी हे कधी कुणाला सांगितलं नाही.

मग त्याला जाहिराती मिळाल्या. केस वाढले, शर्ट अंगाला चिकटायला लागला. पुढे पुढे पोटावर कापड ताणलेलं दिसायचं, आणि रनअप पोटाच्या हिशेबानं आखूड होत गेला. दुखापत तर त्याच्या पाचवीलाच पुजलेली. देशाकडून खेळायचं असलं की मांडी दुखायची, परदेशातल्या लीगचं बोलावणं आलं की तीच मांडी ठणठणीत व्हायची. कॅप्टनशी भांडला, कोचशी भांडला. रडत रडत रिटायर झाला आणि सुतक फिटायच्या आत परतही आला. पुन्हा रडला, पुन्हा आला. आता तो स्टुडिओत कोट घालून बसतो आणि नव्या पोरांना फिटनेसचे धडे देतो. त्या कोटाचे खांदे पडलेले आहेत. ज्यानं तो शिवला त्याचीही मला कीव येते.

इतकी वर्षं मी या माणसाला मनापासून शिव्या देत आलोय. अख्ख्या बाजाराला ते माहीत आहे आणि अख्ख्या बाजारात त्यावर विश्वास कुणाचा नाही.

भारत-पाकिस्तान मॅच असली की माझ्या दुकानात बटण लावून घ्यायला गर्दी होते. ज्यांच्या शर्टाची सगळी बटणं शाबूत आहेत, असे लोक येतात. एकानं तर बाकावर बसल्या बसल्या बटण पिरगाळून तोडलं आणि माझ्या हातात दिलं. बटण हे निमित्त. बघायचं असतं माझं तोंड. विकेट पडली की टीव्हीवर रिप्ले चालू असतो आणि ही मंडळी माझ्याकडे बघत असतात. आमची कितवी पिढी या गावात कपडे शिवतेय ते मलाही सांगता यायचं नाही. यांच्या आजोबांच्या बंड्या आमच्या घरात शिवल्या गेल्या. तरी दर मॅचला माझी परीक्षा. मी त्या डावखुऱ्याला नालायक म्हटलं की हसून म्हणतात, "बोला चाचा, बोला. आमच्यापुढं बोलावंच लागतं." मग मी खरा संतापतो. त्याच्यावरचा राग आणि यांच्यावरचा राग एकत्र होऊन तोंड असं काही होतं, की त्यांना वाटतं, बघा, लागलं म्हाताऱ्याला.

माझा शब्द खरा मानला जाईल अशी या मुलखात एकच जागा होती. खोडाळ्याची टूर्नामेंट. भात कापून झालं की आतले बांध फोडून मैदान करतात, मधली पट्टी खळ्यासारखी शेणानं सारवतात आणि क्रीझ राखेनं ओढतात. तिथे मी अंपायर. पांढरा कोट माझा मीच शिवलेला, खिशात बॉल मोजायचे खडे. टेनिस बॉल, इनाम म्हणून बोकड, पण भांडणं वर्ल्ड कपच्या वर. तरीही मी बोट वर केलं की बॅटर कुरकुरत का होईना, निघून जायचा. त्या दोन क्रीझच्या मध्ये मला कुणी माझं मन कुठे आहे ते विचारलं नव्हतं. वर्षभर मी त्या दिवसांची वाट बघायचो.

एका वर्षी जामसरकडच्या एका टीमचा कॅप्टन शर्टांची ऑर्डर घेऊन आला. तिशीचा असेल. ठाण्याला सेंट्रिंगच्या कामावर जातो, कापणीला गावी येतो. आमच्याकडे एका गावाचा रंग दुसऱ्या गावानं घ्यायचा नाही अशी रीत आहे, त्यामुळे मी त्याला कोणकोणते रंग उरलेत ते सांगायला लागलो.

"चाचा, आमाला हिरवा पायजे."

"पोपटी घे. उन्हात छान दिसतो."

"नाय, गडद. तो डावखुरा घालाचा तसा." त्यानं मोबाईल पुढे केला. पडद्यावर तोच महाभाग पळत येत होता, जुन्या काळातला, काटकुळा.

"तुला अख्ख्या जगात हाच सापडला?"

"मी पण डाव्यानीच टाकतो. साईटवर याला बघून बघून शिकलो."

मग मी त्या महाभागाची कुंडली मांडली. आळशी आहे, वाकत नाही, पळत नाही, स्वतःशिवाय कुणासाठी खेळला नाही. कॅप्टननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याचा आळस नाय शिकलो, चाचा. बॉल शिकलो."

मी हिरवा रंग बाजारात कसा दिसेल तेही सांगून पाहिलं. तो म्हणाला, बाकीचे चांगले रंग लोकांनी आधीच घेतलेत, आणि आमच्या रानात हिरव्याशिवाय दुसरं आहे तरी काय. शेवटी मापं घेतली. त्याच्या शर्टाचा डावा मुंढा जरा खोल कापला, म्हणजे हात वर जाताना कापड ओढणार नाही. पाठीवर त्याला नंबरही त्या डावखुऱ्याचाच हवा होता. तो मात्र मी दिला नाही. म्हटलं, रंगाचा हट्ट तुझा, नंबराचा माझा.

ती टीम फायनलला पोचली. तोपर्यंत हिरव्या शर्टांवरून बांधावर कुजबुज सुरू झाली होती आणि शर्ट कुणी शिवले तेही सगळ्यांना कळलं होतं. टॉसच्या आधी टूर्नामेंट भरवणाऱ्या पुढाऱ्यानं माईक हातात घेतला. मैदानावरच्या फ्लेक्सवर बोकडाचा फोटो छोटा आणि याचा मोठा, असला हा गृहस्थ. म्हणाला, "लोक काहीबाही बोलतात. चाचा आपलेच आहेत. हिरव्या टीमचे शर्ट त्यांनी शिवले आणि त्याच टीमच्या फायनलला ते अंपायर. तर त्यांनी फक्त इथं येऊन त्या पाकिस्तानी बोलरबद्दल दोन शब्द सांगावेत. लोकांचं समाधान होईल, विषय संपेल."

कॅप्टन पुढे आला. "रंग आमी मागला. चाचा त्याला शिव्याच देतो. आमाला पण दिल्या."

"मग तर सोपंच आहे," पुढारी म्हणाला. "त्याच इथं द्यायच्या."

माईक माझ्या हातात आला. शिव्यांची मला काय कमी होती? वीसेक वर्षांचा साठा जिभेवर तयार होता. दोन वाक्यं बोललो असतो तर टाळ्या पडल्या असत्या आणि मी माझ्या क्रीझवर जाऊन उभा राहिलो असतो. पण समोर बांधावर ती बटणवाली मंडळी दिसली. मोबाईल वर धरून उभी होती. माझा राग माझा होता, माझ्या डोळ्यांनी मॅच बघून मी तो कमावला होता. तो यांना पावती म्हणून फाडून द्यायचा, आणि पुढच्या मॅचला पुन्हा नवी पावती. मला शिसारी आली.

मी म्हणालो, "पहिल्या वर्षी त्यानं एक यॉर्कर टाकला होता. तसा बॉल मी परत बघितला नाही."

एवढंच बोललो आणि माईक परत दिला. पुढाऱ्यानं घसा साफ केला आणि सांगितलं की अंपायर बदलतोय. मी कोट काढला. तो त्यानं आपल्या मेहुण्याला घातला. त्याला खांद्यात सैल होत होता, बाह्या बोटांवर येत होत्या. इतक्या लोकांत माझा अपमान झाला होता आणि मला सगळ्यात जास्त तो कोटच खटकत होता.

मी बांधावर जाऊन बसलो. घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. हिरव्या टीमची बोलिंग आली. कॅप्टन लांबून पळत आला, हात छान मोकळा वर गेला, बॉल आत वळला आणि दांडी उडाली. जामसरची माणसं नाचायला लागली. मेहुणा बोट वर करून मोकळा झाला. पण कॅप्टनचा पाय चांगला वीतभर बाहेर पडला होता, राखेची रेघ पार पुसली गेली होती.

"नो बॉल," मी बांधावरून ओरडलो. ठरवून नाही, सवयीनं.

नाचणारे थांबले. मेहुण्यानं पुढाऱ्याकडे बघितलं. कॅप्टननं आधी पायाखाली बघितलं, मग माझ्याकडे. त्यानं हात वर करून मला दाखवला, तंबूकडे निघालेल्या बॅटरला माघारी बोलावलं आणि मेहुण्याला म्हणाला, "चाचानी नो बॉल दिलाय. हात आडवा कर." मेहुण्यानं बाहीत लपलेला हात आडवा केला. कॅप्टननं मूठभर राख आणून रेघ पुन्हा ओढली आणि रनअपच्या टोकाला परत गेला.

ती टीम हरली, चांगली दणकून हरली. बोकड दुसऱ्या गावाला गेला. कोट अजून त्या मेहुण्याकडे आहे आणि तो मागायला मी जाणार नाही.

संध्याकाळी घरी आलो तर टीव्हीवर तोच बसला होता. पडलेल्या खांद्यांचा कोट घालून, शिस्त म्हणजे काय ते समजावत होता. मी त्याला कामचोर म्हटलं, पोटभरू म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. बायको आत भाकऱ्या थापत होती, तिनं मान वर केली नाही. मनसोक्त शिव्या दिल्या. त्या माझ्याकडे कुणी मागितल्या नव्हत्या.