आचऱ्याची बद्रीकाकी

उत्तरेच्या यात्रेला निघालेला माणूस बद्रीकाकीच्या पाया पडायला गेला, तर ती आशीर्वादाआधी त्यालाच पाय पुढे करायला सांगे. टाचांच्या भेगा बघे, बोटांमधली जागा बघे. मग म्हणे, “ह्या पायांनी जातलंस? आधी म्हयनोभर टेकडी चढ-उतर कर. नवीन वहाणो घेतलंस तर हंयच झिजव, थंय नको.”

आमच्या आचऱ्यात पन्नास-साठच्या दशकांत बद्री-केदारला जाणारे थोडेच. जो जाई, तो काकीला विचारल्याशिवाय जात नसे. ती तरुणपणी नवऱ्याबरोबर गेली होती आणि एकटी परत आली होती. तो वाटेत तापाने गेला, एवढंच गावाला ठाऊक होतं. त्याहून जास्त विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिचा सल्ला अगदी चुलीपासून सुरू होई. “थंय उंचार डाळ शिजणा नाय. कुळथाचा पीठ घे, पोहे घे, सुंठ घे. खेचरां इली काय डोंगराच्या अंगाक रव, दरीच्या नाय. दुपारनंतर चलू नको, पावस येता.” समुद्राकाठच्या आम्हा माणसांना डोंगर म्हणजे एका जागी बसलेली वस्तू वाटे. काकी त्याच्याबद्दल बोले ते खवळलेल्या दर्याबद्दल बोलावं तसं.

मी तेव्हा शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. गणपती झाल्यावर आईवडिलांबरोबर बद्रीनाथला जायचं ठरलं. आईला थोडा दम्याचा त्रास होता. काकीने तिला समोर बसवून सांगितलं, “चलताना बोलाक येता तवसर चल. बोलणा तुटला काय बस. बसान पण बोलाक येणा नाय, तर मागे फिर. देव खंय पळान जाणा नाय.”

वडील हसले. “काकी, इतक्या लांब जावन मागे फिराचा?”

काकी हसली नाही.

बोट, आगगाडी, मग डोंगरातली मोटार आणि शेवटी पायवाट. पांडुकेश्वरच्या पुढे खडा चढ लागला आणि आईचं बोलणं तुटलं. आम्ही तिला दगडावर बसवलं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, “आई, काहीतरी बोल.” तिने नुसता हात हलवला. ओठ निळसर झाले होते.

“आता थोडाच रवला,” वडील म्हणाले. त्यांचा आवाज आर्जवी होता. सगळा जन्म त्यांनी या दर्शनाची वाट पाहिली होती.

आईने खालच्या वाटेकडे बोट दाखवलं.

वडील वाटेत भेटलेल्या यात्रेकरूंबरोबर वर गेले. एका हमालाने आईला पाठीवरच्या टोपलीत बसवलं आणि मी तिला घेऊन उतरले. जोशीमठला दोन रात्री काढल्यावर तिला नीट बोलता यायला लागलं. पहिलं वाक्य होतं, “तुझ्या बाबांनी कानटोपी न्हेली मां?”

दर्शन घेऊन वडील जोशीमठला आले आणि आम्ही गावी परतलो. घरी दर्शनाची हकिगत ऐकायला बायका जमल्या, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. काकी सरळ आत गेली. आई तिच्या गळ्यात पडून रडली, “काकी, माका दर्शन झाला नाय गो.”

“माका तरी खंय झाला?”

काकी खाली बसली आणि सांगू लागली. त्याच चढावर तिच्या नवऱ्याचं बोलणं तुटलं होतं. “ते मागे फिरूया म्हणान हातान सांगी होते. मीच म्हटलंय, इतके इलंव, आता चला. ताप नाय, काय नाय. माझ्या हट्टान गेले. मगे माझे पाय वर जातले काय?” आईच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, “तू बरा केलंस, बाये.”

दारात वडील उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर संध्याकाळी आई काकीकडे जाऊन बसू लागली. काही वर्षांनी थंडीच्या दिवसांत काकी गेली. तिला मूलबाळ नव्हतं, दीर-पुतणे मुंबईला. अग्नी कुणी द्यायचा, असा प्रश्न अंगणात निघाला. माणसं एकमेकांकडे पाहत असताना वडिलांनी अंगरखा काढून माझ्या हातात दिला आणि ते विस्तवाचं मडकं उचलायला पुढे झाले.