बसच्या दारावरची बाई

पनामातल्या ला चोरेरा गावात बस रंगवल्याशिवाय रस्त्यावर आणायची पद्धत नव्हती. अमेरिकेत शाळेच्या पोरांना वाहून वाहून दमलेली एखादी पिवळी बस इथल्या मालकाने घेतली, की ती आधी एविदेलिओ सामानिएगोच्या अंगणात येई आणि तिथून नटूनथटून बाहेर पडे. दोन्ही अंगांवर ज्वाळा, गरुड, धबधबे. मागच्या दारावर मालकाला जे माणूस प्रिय असेल ते. मालकाची लेक, एखादा मुष्टियोद्धा, संत, नाहीतर खुद्द मालक.

एविदेलिओ रंगवायचा तो हवेच्या ब्रशने. गावात त्या ब्रशला पिस्तूल म्हणत. वर वाटीत रंग, पुढे बारीक सुई, मागे नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मेलेल्या फ्रिजमधून काढलेला कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की शेजाऱ्यांचे रेडिओ बंद होत. साचे कापायला दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म होत्या. कुणाच्या तरी मोडक्या घोट्यातून गरुडाचं पीस कापलेलं असे.

हात मोठा गोड होता त्याचा. इतका गोड, की सुरकुती त्या पिस्तुलातून बाहेरच पडत नसे. लांबून धुक्यासारखा रंग मारला की गाल गुळगुळीत. पोलिसातल्या एका हवालदाराचं तोंड देवीच्या व्रणांनी भरलेलं होतं. त्याला एविदेलिओने एका बसच्या दारावर बाळासारखे गाल दिले. त्यानंतर त्या बसच्या भोंग्याबद्दल कुणी दंड केल्याचं ऐकिवात नाही. संत, मुष्टियोद्धे, मालकांच्या बायका, सगळे एकाच आईची लेकरं वाटत. तक्रार कोण करणार? स्वतःचं चांगलं तोंड पाहून तक्रार केलेला माणूस पनामात अजून जन्माला यायचाय.

त्याची बायको ओमायरा फाटकापाशी चिचेमे विकायची. मक्याचं, दुधाचं, दालचिनी घातलेलं गार पेय. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि नवऱ्याने तिला एकदाही रंगवलं नव्हतं. एक दिवस ग्लास विसळता विसळता ती म्हणाली, "अख्ख्या गावाच्या बायका बसवर चढवल्यास. मी काय जन्मभर पायीच चालू?"

त्याच सुमारास निकानोर फ्रियासची नवी बस अंगणात आली होती. ओमायरा निकानोरच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, त्यामुळे त्याने मागचं दार आनंदाने देऊन टाकलं. तिने विचारलं, बसायला कधी येऊ? एविदेलिओ म्हणाला, गरज नाही, चेहरा पाठ आहे. मग ताडपत्री बांधून तो कामाला लागला.

पाठ असलेल्या चेहऱ्यात हनुवटीजवळचा तीळ नव्हता. दुसरी हनुवटीही नव्हती. पुढचा तुटका दात अख्खा झाला होता, मान लांबली होती, आणि वाटीत हिरवा रंग उरला होता म्हणून डोळे थोडे हिरवे झाले होते. ताडपत्री सोडल्यावर ओमायरा बराच वेळ बघत राहिली.

"कोण ही?"

"तूच की."

"असं? बरी आहे बाई. नवरा आहे का तिला?"

बस रस्त्याला लागली आणि गावाला काम मिळालं. कुणी म्हणालं, ही दाविद शहराकडची, खानावळीत गाते. कुणी तिला पेनोनोमेच्या औषधाच्या दुकानात पाहिलं होतं, अगदी याच डोळ्यांची. ठेवलेल्या बाईला घरच्या बायकोच्या नाकासमोर बसवर मिरवायचं म्हणजे हद्द झाली, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेजारची एदेलमिरामावशी कोंबडीच्या सूपाचं पातेलं घेऊन आली. मयताच्या घरी नेतात तसं. ओमायराने सांगून पाहिलं की मावशी, ती मीच आहे. मावशीने तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "हो गं बाळा, तूच ती. असंच धरून चाल."

पाद्रीबाबांनी एविदेलिओला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले. न्हाव्याने मात्र दाढी करताना कानाशी येऊन त्या बाईचा पत्ता विचारला. एविदेलिओ नाही नाही म्हणाला खरा, पण आजवर कुणी त्याच्याकडे अशा आदराने पाहिलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणताना तो किंचित हसला. हे हसू फाटकापाशी पोचायला वेळ लागला नाही.

ओमायरा भांडली नाही. तिने निकानोरला बस अंगणात लावायला सांगितली, ॲप्रन न काढता स्टूल घेऊन दारासमोर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता बघून काढ."

बघणं आलं म्हणजे पंचाईत आली. तिळावर एक केस होता. डाव्या भुवईच्या मधोमध एक पांढरी चीर होती, तिथे केसच उगवत नव्हते.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

"तुझ्या कॉम्प्रेसरची नळी सुटून फटकन बसली तेव्हा."

"मी कुठे होतो?"

"इथेच. नळी उचलायला धावलास."

त्याने वाटीत रंग ओतला. सुरकुतीसाठी पिस्तूल पत्र्याला टेकेल इतकं जवळ न्यावं लागतं आणि दाब अगदी कमी ठेवावा लागतो. त्याच्या हाताला ती सवय राहिली नव्हती. सुई सारखी तुंबे, रेघ फुटे, तो थिनरने पुसून पुन्हा सुरू करी. ओमायरा हलली नाही. गिऱ्हाईक आलं तर बसल्या जागेवरून सांगे, डबा उघडा आहे, घ्या ओतून. काम आटोपलं तेव्हा त्याची मान आखडली होती. तिने उठून दाराजवळ जाऊन नीट पाहिलं, बोटाने तिळावरचा केस तपासला आणि म्हणाली, "हं. ही मी."

निकानोर जरा कुरकुरला, पण धर्ममातेपुढे काय बोलणार?

गावाने मात्र दोन दिवसांत निकाल लावला. एविदेलिओला उपरती झाली, त्याने त्या बाईला पुसून टाकलं आणि प्रायश्चित्त म्हणून सासूला रंगवलं. एदेलमिरामावशी म्हणाली, असा जावई मिळायला भाग्य लागतं. पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव न घेता दाखला दिला. न्हाव्याने दाढी मुकाट्याने करायला सुरुवात केली.

यानंतर एविदेलिओ प्रत्येक मालकाला सांगू लागला की बाईंना समोर बसवा, बघून काढतो. मालक घाईघाईने म्हणत, छे छे, फोटोवरूनच काढ, तुझ्या नेहमीच्या हाताने. तो काढून देई.

फाटकापाशी गिऱ्हाइकं विचारत, "निकानोरच्या बसवर तुझी आईच ना गं?" सुरुवातीला ओमायरा खुलासा करत असे. मग उन्हात उभं राहून कुणाकुणाला समजावायचं, म्हणून तिने तो नाद सोडला.

"हो, आईच," ती ग्लास भरत म्हणे. "फार सोसलं बिचारीने."