उलट्या बाजूचे टाके

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सोलापुरात आई लोकांचे ब्लाउज शिवायची आणि त्यावर मी एम.एस्सी. झाले. मशीनला मात्र ती मला हात लावू द्यायची नाही. फक्त संध्याकाळी डोळे थकले की हाक मारायची, "सुई ओवून दे आणि अभ्यासाला बस." माझं शिवणकाम तेवढंच.

नव्वदनंतर लखनौच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. मेणात बसवलेल्या ऊतींचे कागदाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर सोडायचे आणि न फाटता काचेवर उचलायचे. माझे फाटायचे. मी घाई करायची, चिडायची. सकाळी तिकडं जाणंच नको वाटायचं.

अशात जुन्या लखनौतल्या चौक बाजारात एका बाईंकडं कापड घ्यायला गेले आणि त्यांचं चिकनचं भरतकाम बघत तासभर बसून राहिले. पुढच्या रविवारी त्यांच्याकडंच सुई हातात घेतली. सगळे त्यांना आपा म्हणत. मी दोरा जोरात ओढला की त्या हसायच्या, "साइंटिस्ट साहिबा, कपड़ा है, दुश्मन नहीं. हौले से."

हळूहळू हात बसला. तिकडं प्रयोगशाळेत काप फाटेनासे झाले. एखादा बिघडला तर पुन्हा करायचा, त्यात रडण्यासारखं काय, हे डोक्यात शिरलं. सोमवारची धास्ती गेली. साहेब म्हणाले, "क्या बात है मैडम, आजकल बड़े मूड में काम हो रहा है."

"कुछ नहीं सर," मी म्हटलं. चोरी पकडल्यासारखी.

आईची नजर ज्या सुईनं अधू केली, जिच्यापासून तिनं मला हट्टानं लांब ठेवलं, तीच मी मजेखातर धरली होती. पत्रात तिला सगळं लिहायचे. हे सोडून.

थंडीत आई लखनौला, जानकीपुरमच्या माझ्या खोलीवर आली. अर्धा भरलेला कुर्ता मी रजयांखाली कोंबला. पहिल्याच दुपारी तिनं रजया उन्हात घालायला काढल्या. आपली आई असंच करणार, हे मला कळायला हवं होतं.

"हे कुणाचं गं?"

"माझं."

"विकत आणलंस?"

हो म्हणता आलं असतं. "मी भरतेय," म्हटलं.

तिनं कुर्ता उलटा केला. शिवलेलं काहीही ती आधी मागून बघते. "सगळे टाके मागंच की."

"असंच भरतात ते. पुढून नुसती सावली दिसते."

ती टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग मीच वकिली सुरू केली. यानं हात स्थिर झाला, काम सुधारलं, साहेब खूश आहेत.

"म्हणून करतीस?"

स्वतःलाही मी हेच कारण देत आले होते. खोटं नव्हतं ते. पण तिच्या तोंडाकडं बघून ते पुरेसं वाटेना. "नाही. आवडतं मला."

"मला कधीच नाही आवडलं," ती म्हणाली. "एक ब्लाउज नाही."

चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं रजया कठड्यावर टाकल्या, कुर्ता घेऊन उन्हात बसली, कापडात खोचलेली सुई काढली. दोरा हुकला. पुन्हा हुकला. मग सुई माझ्यापुढं धरली.

"ओवून दे."

दिली. आणि पुढचं वाक्य येईल म्हणून तशीच उभी राहिले.

"उभी काय? बस इथं. कुठनं घालायची ते दाखव."