फिक्रियाने घातलेला माझा काळा झगा

कैरोतल्या आमच्या गल्लीत मितवल्लीचं इस्त्रीचं दुकान होतं. तोंडात पाणी धरून कपड्यावर फवारायचा आणि ती अवजड इस्त्री पायाने रेटायचा. राष्ट्राध्यक्ष नासरवर त्याचा भारी जीव. रेडिओवर भाषण लागलं की गिऱ्हाईक ताटकळत उभं. मला या माणसाचा राग यायचा. त्याची बायको फिक्रिया मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकुलता एक रिफात सैन्यात होता, आणि तिचं सगळं चित्त त्या पोरापाशी.

सदुसष्टच्या जूनमध्ये इस्रायलशी युद्ध पेटलं, रेडिओ रोज विजय सांगत होता आणि मितवल्ली गल्लीभर सरबत वाटत होता. मग एका संध्याकाळी नासर टीव्हीवर आले आणि पराभव कबूल करून पद सोडतो म्हणाले. अख्खं कैरो रस्त्यावर धावलं. "जाऊ नका" म्हणत मितवल्लीही अनवाणी पळाला. दुसऱ्या दिवशी नासरनी राजीनामा मागे घेतला.

"थांबवलं की नाही आम्ही त्यांना?" घसा बसला होता तरी तो बायकोला सांगत होता.

"एवढे सगळे गेला होतात," फिक्रिया म्हणाली, "माझ्या पोराला नाही कुणी हाक मारली?"

रिफात सिनाईच्या आघाडीवरून आलाच नाही. सैन्याने बेपत्ता म्हणून कळवलं. ना प्रेत, ना दफन. सुटलेले कैदी घरी आले, त्यांतही तो नव्हता. शोकाचा मांडव घालू म्हटलं तर मितवल्ली अंगावर धावून यायचा.

"बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, रिफातच्या आई. नासर आणतील त्याला. तू रडलीस तर तूच मारलंस त्याला, लक्षात ठेव."

मग ती रडली नाही. शोकाचं काळंही घातलं नाही. रंगीत कपड्यांत बाजारात जायची आणि बायका मागून नाकं मुरडायच्या, कसली आई म्हणायची ही! त्यांच्या तोंडी लागायची मला शिसारी यायची.

सत्तर साली नासर गेले. दफनाच्या दिवशी फिक्रिया माझ्या दारात उभी.

"तुझा काळा झगा दे गं. माझ्याकडे नाही."

"नासरसाठी?"

"दे म्हणते ना."

आम्ही तिघं मिळून गेलो. गर्दीतून लांबवर शवपेटी दिसली मात्र, फिक्रियाने टाहो फोडला. गाल ओरबाडले, छाती पिटली. मितवल्ली कौतुकाने मला म्हणाला, "पाहिलंस? माझ्याहून जास्त माया होती हिची त्यांच्यावर."

मी तिला कवेत धरलं, तेव्हा तिचे शब्द कळले. ती रिफातला हाका मारत होती.

"हळू गं," मी म्हटलं, "मितवल्ली ऐकेल."

"ऐकू दे. आता कुणाची वाट बघायची? आणणाराच गेला."

मितवल्लीने ते ऐकलं. रस्त्यातच मटकन खाली बसला आणि पहिल्यांदा पोराचं नाव घेऊन हंबरडा फोडला. आजूबाजूला सगळेच रडत होते, त्यामुळे कुणी वळूनही पाहिलं नाही.