भाऊंनी युद्धाला पाठिंबा दिला तेव्हा

केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी सदऱ्यावर काळा डाग उठतो आणि मग सदरा फाटेपर्यंत जात नाही. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. घडतात तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. नंतर निवांत बसून बघावं, तर अंगभर!

मी रावेरजवळच्या एका केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये कामाला आहे. आधी बागेत घड कापायचो. गुडघे गेले तसं शेठजींनी हौदापाशी बसवलं. घडाच्या फण्या सुट्या करून हौदात धुतात. मी एकेक फणी उचलायची, फिरवून बघायची, डागाची बाजूला, चांगली पुढं. शाळा दुसरीपर्यंत. नाव सुकदेव, पण सगळे मला आबा म्हणतात.

आमची केळी समुद्रापार जातात. ज्या बंदरात उतरतात, त्याच बंदरात माझा रवी क्रेन चालवतो. एकुलता एक. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. मी निवडलेला माल माझा पोरगा उतरवतो, असं मी येईल त्याला सांगायचो. मग तिकडं युद्ध लागलं. रोज विमानं येऊन बॉम्ब टाकायची. फोन बंद, नेट बंद. रवीचा फोन अजून आलेला नाही. येईल. नेट बंद आहे एवढंच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

आणि इकडं नेमकी जिल्हा परिषदेची निवडणूक लागलेली!

*

आमच्याकडचे एक उमेदवार, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. एके सकाळी पॅकिंग हाऊससमोर त्यांचं भलं मोठं बॅनर लागलं. भाऊंनी हात जोडलेत आणि डोक्यावरून लढाऊ विमान चाललंय. मला काही ते वाचता येईना.

हौदावर माझ्याशेजारी भागाअक्का असते. फण्या धुता धुता जिभेलाही तिच्या उसंत नाही. तिनं वाचून दाखवलं. जो देश बॉम्ब टाकत होता, त्याला भाऊंनी जाहीर पाठिंबा दिला होता.

"जिल्हा परिषदेतून?" मी विचारलं.

"हो आबा. विमान इथूनच उडवतील, आठवडी बाजारातून."

दुपारी भाऊंची प्रचाराची जीप आली. अक्का ओल्या हातानं आडवी उभी राहिली.

"भाऊ, आमच्या गल्लीत नळाले पाणी चौथ्या दिवशी येते. तुमचं विमान किती दिवसाआड येते ते सांगा, म्हणजे हंडे घेऊन उभ्या राहू!"

जीप तशीच मागं गेली. वळायलाही थांबली नाही.

*

वजनकाट्यावर आमचे पंडितनाना असतात. नाना माझे लहानपणापासूनचे. आम्ही एकाच पाटात डुंबलो, एकाच वर्षी आमची लग्नं झाली. पण नाना पक्के भाऊंचे. भाऊंनी उद्या सूर्य पश्चिमेला, दोंडाईच्याला उगवतो म्हटलं, तर नाना पहाटेची गाडी पकडतील.

नानांनी एक दिवस घरून जगाचा नकाशा आणला. नातवाच्या पुस्तकातला, मधली घडी फाटलेला. रिकाम्या खोक्यावर पसरला आणि सगळ्यांना युद्ध समजावू लागले. हा त्यांचा देश, हा आपल्या दोस्तांचा देश. इथून विमान उडते, इथं बॉम्ब पडते.

"असं बरोब्बर इथं!" म्हणून त्यांनी जाड बोट ठेवलं. "इथंच आणखी टाकले पाहिजेत. म्हणजे खोड मोडेल."

मी विचारलं, "नाना, रवीचं बंदर कोणतं रे?"

नाना शोधू लागले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, चष्मा पुसला. बंदर काही सापडेना. शेवटी अक्का पुढं वाकली.

"नाना," ती म्हणाली, "बोट उचला ना जरा. पोरगं त्याच्या खाली हाये."

नानांनी नकाशाची घडी केली. त्या दिवशी तीन खोकी त्यांनी दोनदा तोलली.

*

आमचे शेठजी मूळचे राजस्थानकडचे. दोन पिढ्या इथंच गेल्या. माणूस गोड. भाऊंची माणसं त्यांच्याकडं आली आणि म्हणाली, "शेठजी, तुमचा पाठिंबा कोणत्या देशाला, तेवढं जाहीर करा. लोक विचारू राह्यले."

शेठजींनी चहा मागवला. बिस्किटं मागवली. पंखा त्यांच्याकडं वळवला. सगळं झाल्यावर म्हणाले, "आपला माल दोन्ही देशांत जातो. पाठिंब्याचं काय आहे, तो आम्ही खोक्यात भरतच नाही."

ते गेले, तर तासाभरात दुसऱ्या बाजूचे उमेदवार आले. त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी, ज्या देशावर बॉम्ब पडत होते, त्याला पाठिंबा दिलेला! मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी रवीच्या बाजूचं आहे.

मी विचारलं, "आप्पा, तुमचं कोण आहे हो तिकडं?"

"कोणी नाही, आबा."

"मग हाच देश का निवडला?"

आप्पांबरोबरचा कार्यकर्ता भोळा होता. तो म्हणाला, "पहिला भाऊंनी घेतला ना! एकच उरला होता."

*

मग माल अडकला. बंदरावर जहाजं थांबली आणि आमचा कंटेनर अर्ध्या रस्त्यातून परत फिरवायचा निरोप आला. हिंमत ड्रायव्हर गाडी आणायला धुळ्याकडं निघाला होता. तो दोंडाईच्याचा, बोलणं सगळं अहिराणीत. मला म्हणाला, "आबा, घर एकला बशीसन काय करशात? चला."

मी गेलो. घरी एकाच्या भाकरीसाठी चूल पेटवायची, तर तवा तापेपर्यंत भूक निघून जायची.

धुळ्याच्या अलीकडं एका हॉटेलात चहाला थांबलो. आत भिंतीवर पाटी, हिंमतनं वाचून दाखवली, 'येथे युद्धावर चर्चा करू नये.' मालकाला विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, सोमवारी दोन गिऱ्हाइकं भिडली. एक या देशाचा, एक त्या देशाचा. काचेची बरणी फोडली. नंतर कळलं, दोघं सख्खे साडू!

हिंमत म्हणाला, "मग आते शांतता शे?"

"कसली? आता ती पाटी बरोबर आहे का चूक, यावर भांडतात."

धुळ्याला पोचून कंटेनरचं दार उघडलं, तर आतलं थंड करायचं मशीन कधीचं बंद पडलेलं. केळीचा गोड वास तोंडावर आला. आमची केळी हिरवी जायला पाहिजेत, खडखडीत हिरवी. हिंमतनं आत बॅटरी मारली.

"बठ्ठा माल पिकी गया, आबा!"

सगळा! मी एक फणी हातात घेतली. मीच बघून पुढं सोडलेली असणार. पिवळीधमक. इतका सुंदर माल, आणि उतरवून घ्यायला कोणी नाही.

*

पिकलेला माल परत आला तसे लोक खवळले. दहा दिवस पॅकिंग बंद. बायांना काम नाही. अक्का म्हणाली, "आता बास. या केळ्या नेऊन भाऊंच्या ऑफिसवर फेकायच्या. पायऱ्यांवर. चिखल झाला पाहिजे!"

मीही गेलो. चाळीस-पन्नास माणसं असतील. नाना नव्हते, ते आदल्या दिवसापासून आजारी पडले होते. ट्रॅक्टरमधून खोकी उतरली. घोषणा झाल्या. भाऊंच्या ऑफिसच्या पायऱ्या समोर, नुकत्याच पुसलेल्या.

"फेका!" अक्का ओरडली.

कोणी फेकेना.

आता काय सांगू तुम्हाला! आमचा जन्म केळी अलगद ठेवण्यात गेला. घड खांद्यावर घेतला तरी खाली फोमची गादी. फणी फणीला लागली तर अंगावर काटा येतो. हिंमतनं हात वर उचलला, तसाच खाली घेतला आणि फणी पहिल्या पायरीवर हळूच ठेवली. मी दुसरी ठेवली. बायांनी लगेच रांग धरली.

"देठ एका बाजूले करा!" कुणीतरी म्हणालं.

"खाली काही अंथरा रे, दगड लागते त्याईले!" ही अक्का. स्वतःच म्हणाली!

हिंमतनं खांद्यावरचा रुमाल अंथरला. अर्ध्या तासात सगळ्या पायऱ्या भरल्या. तोरण लावल्यासारख्या दिसत होत्या. आतून ऑफिसचा माणूस बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "वा वा! भाऊ दौऱ्यावर आहेत, आले की सांगतो. बसा, सरबत घ्या."

ऊन फार होतं. आम्ही सरबत घेतलं.

संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो फिरला. अक्कानं वाचला आणि डोक्याला हात लावला. वर लिहिलं होतं, 'केळी कामगारांचा भाऊंना पाठिंबा!'

*

पॅकिंग पुन्हा थोडं थोडं सुरू झालं. मला एक गोष्ट जाणवायला लागली. मी हौदापाशी येईपर्यंत सगळ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. हा देश, तो देश, भाऊ, आप्पा, तू गप, तू गप. मी आत पाऊल टाकलं की एकदम पाण्याचा आवाज तेवढा.

दोन दिवस मला वाटलं, माझंच काही चुकलं. तिसऱ्या दिवशी अक्काला विचारलं.

ती म्हणाली, "नानांनी सगळ्याईले बजावलं आहे. आबांपुढं युद्धाचं नाव काढायचं नाही म्हणून. त्याईच्या जिवाले लागते."

मी काट्यापाशी गेलो. नाना खाली बघून वजन लिहीत होते.

"नाना, मी आलो की भांडण बंद करतोस का रे?"

"तुह्यासाठीच, सुकदेव."

"अरे, घरी भिंती बोलत नाहीत," मी म्हटलं. "आठ तास इथं चार आवाज कानावर पडतात, ते पण काढून घेतो? भांड. भाऊंच्या बाजूनं भांड. पण भांड बाबा!"

नानांनी पेन खाली ठेवलं. अगदी बारीक आवाजात, हौदाकडं बघून म्हणाले, "आप्पाले काय कळते देशाचं?"

"आन् भाऊले कळते?" अक्का कडाडली.

झालं सुरू! मी माझी फणी उचलली.

*

मतदानाला चार दिवस उरले होते. रवी तिकडं आहे हे कुणीतरी भाऊंच्या कानावर घातलं असणार. सकाळी सकाळी भाऊ माझ्या घरी आले. बरोबर सात-आठ माणसं, एक फोटोवाला, एक शाल, एक नारळ. नानाच घेऊन आले होते. मागून अक्का, हिंमत, आमची निम्मी माणसं. अक्कानं मला खिडकीतूनच दटावलं, "आबा, भाऊ भेटले की काय बोलायचं आपलं ठरलंय, ते बोला हं! पाठिंबा मागं घ्या म्हणा. सोडू नका!"

माझ्याकडं खुर्ची एकच. ती मी पुसून दिली. भाऊ उभेच राहिले. शाल माझ्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. फोटो झाला. फोटो नीट आला नाही म्हणून शाल काढून पुन्हा घातली.

मी विचारलं, "हे कशाबद्दल, भाऊ?"

"तुमचा मुलगा तिकडं आहे ना, आबा. तुमचं धैर्य मोठं." मग ते दाराकडं वळता वळता म्हणाले, "काही काम असलं तर सांगा. अजिबात संकोच करू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अक्कानं खिडकीचा गज धरलेला. मला ते ठरलेलं काही आठवेना. मनात होतं तेच बोललो.

"भाऊ, एकच काम आहे. तुम्ही त्या देशाच्या पाठीशी उभे आहात, म्हणजे तुमची तिथं ओळख असणार. त्यांना एक फोन लावा. म्हणा, रावेरहून बोलतो. दुपारी बारा ते एक तेवढं टाकू नका. त्या वेळेला बंदरावर जेवणाची सुट्टी असते. आमचा रवी सावकाश जेवतो. लहानपणापासून तसाच आहे."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. नाना भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

भाऊंनी खरंच खिशातून मोबाइल काढला. हातात धरला. मी वाट बघितली, मला घाई नव्हती. मग माणसांना त्यांनी हातानंच बाहेर जायला सांगितलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"आबा, त्यांना माझा फोन लागत नाही हो."

मी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

"रवीला माझा पण लागत नाही," मी म्हटलं. "बसा."