आबांचा पाय आणि माझं उत्तर

फौजेत नर्स म्हणून माझी निवड झाली ती एका उत्तरामुळे, असं मला आजही वाटतं. मुलाखत घेणाऱ्यांनी तसं काही सांगितलं नाही, ते कुणालाच सांगत नाहीत. पण ते उत्तर ऐकून मधल्या खुर्चीवरच्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं, ते मी पाहिलं होतं. ते उत्तर माझं नव्हतं. माझ्या वहिनींचं होतं आणि मेथी निवडता निवडता त्यांनी ते मला देऊन टाकलं होतं.

तेव्हा मी शिरूरला एका खासगी दवाखान्यात होते. नर्सिंगची पदवी झालेली, रजिस्ट्रेशन झालेलं, दोघींत मिळून भाड्याची एक खोली. फौजेच्या लेखी परीक्षेत पास झाल्याचं कळलं त्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले आणि मुलाखतीच्या तयारीसाठी नोकरी सोडून घरी आले. घर खुटबावच्या शिवारात, डांबरी रस्त्यापासून चांगलं आत. आई जाऊन चार वर्षं झाली होती. दादा सणसवाडीला कंपनीत, शिफ्टमुळे तिकडंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. म्हणजे घरात उरले आबा, माझे वडील, आणि वहिनी. मी आले आणि तिघं झालो, पण कामाच्या हिशेबात मला धरू नका.

आबांना साखरेचा आजार जुना. उसाला पाणी देताना वेड्या बाभळीचा काटा तळपायात घुसला आणि पायाला जाणीवच नसल्यानं त्यांना दोन दिवस पत्ता लागला नाही. मी घरी आले तोवर जखम चांगली चिघळली होती. डॉक्टरांनी एक बोट काढलं आणि रोज ड्रेसिंग करायला सांगितलं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या घरातच सिस्टर आहे, मग काळजी कसली?" आबांनी दवाखान्यातल्या सगळ्यांकडं अभिमानानं पाहिलं.

पहिले तीन-चार दिवस मी केलं. हातमोजे, मास्क, सलाईन, गॉज, सगळं शिकवलंय तसं. शिरूरच्या दवाखान्यात असे कितीतरी पाय मी धुतले होते आणि घरी येऊन निवांत जेवले होते. पण बापाचा पाय उघडल्यावर जो वास आला तो मला सोसेना. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही, ती किळस होती. चौथ्या दिवशी आबा माझ्या मास्ककडं बघत म्हणाले, "एवढा नासलोय व्हय गं मी?" मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक उघडून बसले आणि वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही वाचा. मला एकदा दाखवून ठिवा, मी बांधत जाईन."

मी दाखवलं. अगदी उत्साहानं दाखवलं, सुटल्याचं बरं वाटलं ते लपवायला. त्या पहाटे शेवंती तोडून आलेल्या असायच्या, हात हिरवे पडलेले. मी सांगितलं होतं तसं दोनदा साबणानं धुवायच्या आणि आबांच्या पायाशी बसायच्या. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही, पायाला हात लावते तो फक्त सणावारी पाया पडताना. आबांना इतकं अवघड झालं की पहिल्या दिवशी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल स्वतःच्याच तोंडावर ओढून घेतला. हे मी आतल्या खोलीच्या दारातून पाहिलं, आणि परत पुस्तकात डोकं घातलं.

शिरूरला ओळखीचे एक निवृत्त सुभेदार होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दर रविवारी मी चौफुल्यावरून एसटी पकडून त्यांच्याकडं जायचे. ते मला दारातून आत यायला लावत, परत बाहेर पाठवत, परत आत बोलावत. खुर्ची ओढायची नाही, उचलून सरकवायची. हात मांडीवर. उत्तर येत नसलं तर येत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "नर्स का व्हायचंय फौजेत?" मी पाठ केलेलं सेवेवरचं इंग्रजी घडाघडा म्हटलं. मामांनी कपाळाला हात लावला. "हे सगळ्याच पोरी म्हणत्यात. सेवा करायचीय, सेवा करायचीय. आत्तापर्यंत कुणाची केली, त्ये सांग. घरातलं सांग, खरंखुरं."

एसटीत बसल्या बसल्या मी वहीत लिहिलं. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाला जखम झाली. गेले दोन महिने रोज सकाळी मी त्यांचं ड्रेसिंग करते. लिहिताना मला काही खटकलं नाही. चार दिवस तर केलंच होतं, शिकवलंही मीच होतं, असं मनाला समजावलं. मन ऐकायला एका पायावर तयार होतं.

रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी आमचं मुलाखतीचं बोर्ड बसायचं. बोर्ड म्हणजे वहिनी. त्या दहावी झालेल्या, म्हणून इंग्रजी प्रश्न मी त्यांना मराठी अक्षरांत लिहून दिले होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसायच्या, मांडीवर परात, परातीत निवडायची भाजी. मी दारातून "मे आय कम इन, मॅडम?" म्हणायचे. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "या की, बसा. चहा टाकू का?" आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. नंतर त्या तरबेज झाल्या. मी मान खाली घातली की मेथीची काडी फेकून मारायच्या.

त्या दिवशी त्यांनी वाचलं, "व्हाय डू यू वॉन्ट टू जॉइन?" आणि मी नवीन उत्तर म्हटलं. इंग्रजीत असलं तरी फादर, ड्रेसिंग, एव्हरी मॉर्निंग एवढं कळायला दहावीची गरज नव्हती. वहिनींनी परातीतून मान वर करून एकदा पाहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर मी त्यांच्या तोंडावर त्यांचं काम माझ्या नावावर सांगत राहिले आणि त्या पुढचा प्रश्न वाचत राहिल्या.

मग एका संध्याकाळी म्हणाल्या, "मराठीत सांगा की ताई, काय म्हणता ते."

मराठीत ते सरळसरळ खोटं वाटत होतं. तरी सांगितलं. 'मी' शब्द गाळता आला असता, तोही गाळला नाही. वहिनी मेथी निवडत राहिल्या. मला वाटलं आता सुनावतील, आणि खरं सांगते, त्यांनी सुनवावं असंही वाटलं.

"आन् त्यांनी इचारलं, ह्यात सगळ्यात अवघड काय वाटलं, तर?"

हा प्रश्न यादीत नव्हता. मी म्हटलं, "अभ्यासातनं वेळ काढणं."

"न्हाई. वेळ सापडतो," त्या म्हणाल्या. "अवघड म्हंजी वास. पण नाकाला पदर लावायचा न्हाई. आबा पायाकडं बघतच न्हाईत, आपल्या तोंडाकडं बघत असत्यात. पाय कसा हाय ते त्यांना आपल्या तोंडावरनं कळतं. म्हणून मी आपली बोलत ऱ्हाते. शेवंती कशी गेली, म्हशीनं दूध किती दिलं. बोललं की तोंडानं श्वास घेता येतो, आन् त्यांनाबी वाटतं, हिला काय न्हाई." मग माझ्या वहीकडं बोट करून म्हणाल्या, "लिहून घ्या. इचारलं तर?"

मी लिहून घेतलं. त्या वेळी माझी लाज कुठं गेली होती कोण जाणे. 'तोंडानं श्वास' याला नीट इंग्रजी शब्द काय, ते मी मोबाईलवर शोधलं.

दौंडहून दिल्लीची गाडी पकडली. दादा स्टेशनवर सोडायला आला होता, डब्यात वहिनींनी दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुलाखत पंधरा-वीस मिनिटं चालली असेल. सुरुवातीला गाव, शिक्षण, पुरात अडकलेल्या माणसांवर प्रथमोपचार कसे कराल, असं विचारलं. मग नर्स का व्हायचंय. मी आबांच्या पायाचं सांगितलं. मधल्या मॅडम वयानं मोठ्या होत्या, केस पांढरे होत आलेले. त्यांनी विचारलं, यात सगळ्यात अवघड काय वाटलं?

वहिनींचाच प्रश्न. क्षणभर मला वाटलं, आता तरी म्हणावं, मॅडम, हे माझ्या वहिनी करतात. तेवढं एक वाक्य मला इंग्रजीत नक्की येत होतं. पण मी वास सांगितला, पदर सांगितला, तोंडाकडं बघणारे आबा सांगितले, शेवंती आणि म्हैससुद्धा सांगितली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे पुस्तकात नसतं," असं काहीतरी त्या शेजारच्यांना म्हणाल्या. मला आनंद झाला. तेव्हा नुसता आनंदच झाला.

घरी आल्यावर वहिनींनी पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "काय काय इचारलं?"

"असंच, जनरल नॉलेज," मी म्हणाले.

"आपलं ते न्हाई इचारलं?"

"न्हाई."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि तांब्या दिला. ही दुसरी थाप मी का मारली ते मला आजही नीट सांगता येत नाही. विचारलं म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं. बहुधा मग त्यांचं देणं मान्य करावं लागलं असतं, आणि तेवढं मन माझं मोठं नव्हतं.

मग मेडिकल झालं आणि यादीत नाव लागलं. गावानं देवळासमोर मांडव घालून सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा आणि आमच्याच रानातल्या शेवंतीचा हार. तो वहिनींनी सकाळी गुंफला होता. प्रमुख पाहुणे सुभेदारमामा, रविवारच्या तयारीत माझं ते उत्तर ऐकलेले. आबांना खुर्चीत बसवून स्टेजवर माझ्या शेजारी आणलं होतं, पायाला पांढरं स्वच्छ बँडेज. मामा माईकवर म्हणाले, "ह्या पोरीनं शिक्षण पुस्तकातनं न्हाई घेतलं. सख्ख्या बापाचा सडका पाय रोज हातानं धुतला. हा बघा तो पाय!" सगळ्या मांडवानं आबांच्या पायाकडं पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. आबांनी पाय खुर्चीखाली घ्यायचा प्रयत्न केला, तो त्यांना घेता आला नाही.

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. वहिनी चौथ्या-पाचव्या रांगेत होत्या, डोक्यावर पदर घेऊन. त्याही टाळ्या वाजवत होत्या. माझ्यापुढं माईक आला. मी आईची आठवण काढली, गावाचे आभार मानले, मुलींना शिकवा म्हटलं, वहिनींचं नाव 'घरच्या सगळ्यांचे आभार' यात घालून टाकलं आणि खाली बसले. घरी येताना रिक्षात आबा एवढंच म्हणाले, "भाषण चांगलं केलंस." बाकी रस्ताभर ते बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गरम पाणी, सलाईन, गॉज घेऊन आल्या आणि आबांच्या पायाशी बसणार तोच ते म्हणाले, "थांब पोरी. आज तिला करू दे." रागावून म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी मी जाणार होते. मला वाटतं, कालचं सगळं एकदा तरी खरं व्हावं, गावापुढं पोरगी खोटी पडू नये, एवढंच त्यांच्या मनात असावं. वहिनींनी सामान माझ्या हातात दिलं आणि त्या चुलीकडं गेल्या.

मी बसले. मास्क मुद्दाम लावला नाही. बँडेज सोडायला लागले, आणि बोलायचं ठरवलं होतं ते बोलूही लागले, शेवंती यंदा बरी आहे ना आबा, असं काहीतरी. त्या आठवड्यात जखम परत चिघळली होती. शेवटची घडी चिकटलेली होती, ती सुटली आणि वास आला.

माझा डावा हात नाकाकडं गेला. मी नेला नाही, तो गेला. ओढणीचं टोक नाकाला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी वर पाहिलं. आबा माझ्या तोंडाकडंच बघत होते.

मी हात झटकन खाली घेतला. पुढं बोलायला शेवंती सुचेना, म्हैस सुचेना. आबांनी खांद्यावरचा टॉवेल हळूच ओढून तोंडावर घेतला, आणि टॉवेलच्या आडून अगदी मायेनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा. तिला बोलव."