अक्कांचा मांडा

मांडे भाजण्यासाठी तापवलेल्या मातीच्या खापराचा वास आला की शिरपूरजवळच्या आमच्या गल्लीतली ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते. तरुण माणसे सुरत-पुण्याला निघून गेलेली. पितरांच्या पानासाठी मांडे करणाऱ्या शेजारच्या अक्का तेवढ्या उरलेल्या. पुरणाचा मांडा त्यांच्या कोपरांपर्यंत पसरला आणि म्हातारे हात थरथरू लागले. कणकेतून उजेड दिसू लागला.

“अक्का, राहू द्या, साध्या पोळ्या करू,” मी म्हणाले.

“बठ्ठं गाव गयं, आते मांडाबी जाऊ देऊ का?”

तेव्हा मला केवळ चटक्याची भीती होती. आज खापर माझ्या दारात तापते आहे आणि शेजारची सारी दारे बंद आहेत. आता भीती आहे ती पुढे होणारे हात नसण्याची. त्या दिवशी आपले हात माझ्या हातांना भिडवून अक्का म्हणाल्या, “धर.”